बोर्ड सगळ्यांचा, नाव कुणाचं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी नाशिकला एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. दोन मित्रांबरोबर ठिबक सिंचनासाठी एक छोटा कंट्रोलर बोर्ड तयार केला. सर्किट आणि फर्मवेअर (बोर्डावरच्या चिपमध्ये चालणारं सॉफ्टवेअर) माझं. शेतावरच्या चाचण्या आणि विक्री एका मित्राकडे. दुसरा मित्र अंबड एमआयडीसीतल्या त्याच्या युनिटमध्ये बोर्ड बनवतो. डिझाइन आम्ही सीसी बाय-एसए ४.० परवान्याखाली (श्रेय द्या, बदललेलं डिझाइन त्याच परवान्याखाली वाटा, मग वापरा किंवा विका) सगळ्यांना खुलं ठेवलंय. बोर्डाचं नाव मी सुचवलं होतं आणि तीन वर्षं त्याच नावाने माल जातोय. मध्यंतरी सहज ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर शोधलं, तर बोर्ड बनवणाऱ्या मित्राने ते नाव स्वतःच्या फर्मसाठी अर्ज करून ठेवलेलं दिसलं. विचारलं तर म्हणाला, "बनवतो मी, पैसा माझा अडकतो, मग नाव कुणाचं असणार?" विक्री बघणारा म्हणतो, ओपन सोर्स आहे ना, मग नावावरून भांडणं हे ढोंगच. त्यात पुण्याचा एक विक्रेता आमच्याच फाइली वापरून, आमच्याच नावाने, आमच्यापेक्षा स्वस्तात बोर्ड विकतोय. आमच्यात भागीदारीचा कागद नाही. दिवाळीनंतर पाचशे बोर्डांचा नवा लॉट काढायचा आहे. काय करू? आणि जाता जाता: आम्ही खोक्यावर 'आर्डुइनो कम्पॅटिबल' असं छापतो, ते चालतं का?

ताई,

सगळ्यात जास्त चीड तुम्हाला पुण्याच्या विक्रेत्याची आलेली दिसते. पत्राचा अर्धा कागद त्याच्यावर खर्च झालाय (इथे आम्ही तो छाटला). पण तो तुमचा सगळ्यात लहान प्रश्न आहे. मोठा प्रश्न अंबडला आहे, आणि अगदी हाच प्रश्न तुम्ही खोक्यावर ज्याचं नाव छापता त्या आर्डुइनोला, म्हणजे खुल्या डिझाइनच्या त्या जगप्रसिद्ध छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला, पडला होता. ती हकीकत जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या तिघांच्या भूमिका तिथे आधीच वठवून झाल्या आहेत.

इटलीत तुरीनजवळ इव्रेआ नावाचं गाव आहे. तिथल्या इंटरॅक्शन डिझाइन इन्स्टिट्यूटमध्ये २००५ च्या सुमाराला हा बोर्ड जन्मला. त्याच संस्थेत एर्नान्दो बारागान या विद्यार्थ्याने आधी केलेल्या 'वायरिंग' प्रकल्पाचा पाया त्याला होता, हेही सांगायला हवं, कारण ते सहसा कुणी सांगत नाही. नाव मिळालं गावातल्या एका बारवरून, आणि बारला ते मिळालं होतं हजार वर्षांपूर्वीच्या अर्दुइनो राजावरून. संस्थापक पाच: मास्सिमो बान्झी, डेव्हिड क्वार्तियेस, टॉम आयगो, डेव्हिड मेलिस आणि जियानलुका मार्टिनो. यातला मार्टिनो हा बोर्ड बनवणारा. त्याची 'स्मार्ट प्रोजेक्ट्स' ही कंपनी इटलीत उत्पादन करायची आणि संस्थापकांनी मिळून २००८ मध्ये अमेरिकेत काढलेल्या आर्डुइनो एलएलसी या कंपनीला नावाच्या वापरापोटी रॉयल्टी द्यायची.

बान्झीने पुढे जाहीरपणे लिहिलं त्यानुसार, २००८ च्या अखेरीस एलएलसी अमेरिकेत ट्रेडमार्क घेण्याच्या तयारीत होती. त्याच सुमाराला स्मार्ट प्रोजेक्ट्सने इटलीत 'आर्डुइनो' हे नाव स्वतःच्या नावावर नोंदवलं, आणि बाकीच्या चौघांना त्याचा पत्ता जवळजवळ दोन वर्षं लागला नाही. लागला तोही कसा, तर अमेरिकेतली नोंद इतर देशांत वाढवायला वकील गेले तेव्हा. तुम्ही निदान स्वतःहून शोधलंत.

त्यानंतर बरीच वर्षं त्यांनी आपसात बोलून पाहिलं. २०१४ च्या अखेरीस स्मार्ट प्रोजेक्ट्सने आपलं नावच बदलून आर्डुइनो एसआरएल केलं, फेदेरिको मुस्तो हा नवा प्रमुख आला, रॉयल्टी थांबली. जानेवारी २०१५ मध्ये एलएलसीने मॅसॅच्युसेट्सच्या फेडरल कोर्टात दावा टाकला. मग पुढची पावणेदोन वर्षं जगात दोन आर्डुइनो होते. एका साइटच्या पत्त्याच्या शेवटी सीसी, दुसरीच्या शेवटी ओआरजी. एकांचं सॉफ्टवेअर १.६ आवृत्तीवर, तर दुसऱ्यांनी तेच घेऊन १.७ असा आकडा टाकला, म्हणजे नवख्याला वाटावं की हेच पुढचं. शाळांना, वितरकांना, नुकत्याच शिकू लागलेल्या पोरांना कळेना की खरा कुठला. आणि गंमत म्हणजे दोन्ही खरे होते. डिझाइन खुलं, त्यामुळे बोर्ड म्हणून दोन्हींत खोट काढायला जागा नव्हती. भांडण होतं ते फक्त वर छापलेल्या अक्षरांचं.

मे २०१५ मध्ये बान्झीच्या बाजूने अमेरिकेबाहेर विकण्यासाठी 'जेन्युइनो' हे वेगळं नाव आणलं. स्वतः वाढवलेलं नाव स्वतःच्याच देशात वापरता येईना, म्हणून. १ ऑक्टोबर २०१६ ला न्यूयॉर्कच्या मेकर फेअरमध्ये बान्झी आणि मुस्तो एकत्र उभे राहिले आणि समझोता जाहीर झाला. २०१७ मध्ये मार्टिनो सोडून बाकीच्या चौघांच्या कंपनीने सगळं आर्डुइनो विकत घेतलं. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मोबाइलच्या चिप्स बनवणाऱ्या क्वालकॉम या बड्या अमेरिकी कंपनीने आर्डुइनो विकत घेत असल्याची घोषणा केली. ज्या बोर्डाची आकृती कुणीही फुकट उतरवून घेऊ शकतो, त्याच्या कंपनीला क्वालकॉमसारखं गिऱ्हाईक का मिळतं, हा प्रश्न तुमच्या विक्रीवाल्या मित्राला जरूर विचारा.

त्याच्या 'ढोंग' या शब्दावर थोडं थांबतो, कारण असं पुष्कळांना मनापासून वाटतं. तुमच्या परवान्यातच स्पष्ट लिहिलंय की पेटंट आणि ट्रेडमार्कचे हक्क या परवान्याने दिले जात नाहीत. ओपन सोर्स हार्डवेअरची जी सर्वमान्य व्याख्या आहे, तीही मूळ डिझाइनवरून बनवलेल्या बोर्डाला वेगळं नाव द्या अशी अट घालायला मुभा देते. इतकंच नाही, ओपन सोर्स या कल्पनेची राखण करणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्हनेच ओपन हार्डवेअरवाल्यांच्या दातेरी चक्राच्या चिन्हावर हरकत घेतली होती, की ते आमच्या चिन्हासारखं दिसतं. २०१२ मध्ये दोघांनी बसून सहअस्तित्वाचा करार केला. यांना ढोंगी म्हणायचं तर मग ओपन सोर्समध्ये कुणीच उरत नाही. आकृती, फर्मवेअर, सुट्या भागांची यादी, सगळं देऊन टाकल्यावर गिऱ्हाइकाला 'हा बोर्ड अमक्यांनी तपासून दिलाय' हे कळण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे नाव. शेतकऱ्याचा व्हॉल्व्ह रात्री उघडाच राहिला आणि टाकी रिकामी झाली, तर तो फोन कुणाला करणार? नावालाच. बोर्ड पुण्याच्या विक्रेत्याने अर्ध्या किमतीच्या रिलेवर बनवलेला असला तरी.

आता अंबडच्या मित्राकडे. त्याने केलं ते चूक आहे, पण त्याचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. चिप्सचा साठा तो भरतो, आयात अडकली की व्याज त्याला चढतं, एखादा लॉट नापास झाला तर भंगार त्याच्या शेडमध्ये पडतं. तुम्ही सर्किट काढून मोकळ्या झालात, मित्र विकून मोकळा झाला. आमच्याकडे वडिलोपार्जित जमिनीत एक भाऊ राबतो आणि एक दिवस सातबाऱ्यावर गुपचूप त्याचं एकट्याचं नाव चढतं, तेव्हा त्यालाही हेच वाटत असतं की कसतो तर मीच. त्याला मोबदला हवा, हे खरं. तो त्याला द्या. तीन वर्षं उत्पादन त्याच्याचकडे राहील असं लिहून द्या, वाटा वाढवून द्या, लॉटचे आगाऊ पैसे तिघांनी मिळून घाला. नाव मात्र त्याच्या फर्मवर नको. उद्या त्याने युनिट विकलं तर नावही त्याबरोबर जाईल, आणि घेणारा तुम्हाला ओळखतही नसेल.

कायद्याची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरी आहे. आपला ट्रेडमार्क कायदा १९९९ चा. त्यात अर्ज आधी कुणी केला यापेक्षा नाव बाजारात आधी कुणी वापरलं याला वजन आहे. कलम ३४ आधीपासून वापर करणाऱ्याला संरक्षण देतं. तिरुनेलवेलीच्या 'इरुट्टुकडै हलवा' या नावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं, की आधीच्या वापरकर्त्याचा हक्क नोंदणीपेक्षा वरचढ. (आपल्याकडच्या ट्रेडमार्कच्या गाजलेल्या खटल्यांत खाण्याच्या वस्तू किती, याची कुणीतरी यादी करायला हवी.) अडचण एवढीच की तुमच्या बाबतीत 'वापर' कुणाचा, हेच धूसर आहे. बिलं कुणाच्या फर्मच्या नावाने निघतात? तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला दाट शंका आहे की जीएसटी नंबर त्याचाच आहे. तसं असेल तर कागदावर तीन वर्षांचा वापर त्याचा दिसतो आणि तुमचं नाव कुठेच नाही. त्याने नुसतं मजुरीवर, तुमच्या सांगण्याप्रमाणे बोर्ड बनवून दिले असते तर नाव त्याचं होत नाही. पण ते 'तुमच्या सांगण्याप्रमाणे' होतं, हे तुम्हाला दाखवावं लागेल.

म्हणून पहिलं काम पुराव्याचं, आणि ते भांडण वाढायच्या आत करा. गिटहबवरची (डिझाइनच्या फाइली ठेवायच्या साइटवरची) पहिली नोंद, ज्यात सिल्कस्क्रीनवर (बोर्डावर छापायच्या अक्षरांच्या थरात) नाव आलं त्या आवृत्तीची तारीख. नाव ठरलं त्या दिवसाचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश, पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून. नुसते स्क्रीनशॉट नकोत. शेतकरी मेळाव्यातले फोटो, शाळांना दिलेले कोटेशन, तंत्रनिकेतनाच्या प्रदर्शनाची पत्रिका. गिटहबच्या खात्याचा मालक कोण, डोमेन कुणाच्या कार्डाने घेतलं, विक्रीच्या साइटवरचं खातं कुणाच्या पॅनवर आहे, हेही आत्ताच तपासा. आर्डुइनोच्या भांडणात एका बाजूकडे सीसीची साइट होती आणि दुसरीकडे ओआरजीची, म्हणून दोघंही तगले. तुमच्यापाशी यातलं एकही खातं किंवा डोमेन नसेल तर बोलणी सुरू व्हायच्या आधीच तुम्ही हरलात.

दुसरं काम, त्या अर्जाची सद्यस्थिती बघा. क्रमांक टाकला की साइटवर दिसते. अजून परीक्षकाकडे असेल तर तुम्हाला वेळ आहे. स्वीकारला गेला की तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो, आणि तिथून चार महिन्यांत विरोध दाखल करावा लागतो. ही मुदत वाढत नाही. ऑनलाइन विरोधाचं सरकारी शुल्क मालाच्या एका वर्गाला २,७०० रुपये आहे, वकिलाची फी वेगळी. जर्नल दर सोमवारी येतं, तेव्हा सोमवारी संध्याकाळी एकदा बघायची सवय लावून घ्या. मुदत हुकून नोंदणी झालीच, तरी ती रद्द करून घेण्याची तरतूद कलम ५७ मध्ये आहे. फक्त तो रस्ता लांबचा आणि खर्चाचा.

पण मी तुमच्या जागी असतो तर विरोध अर्ज तयार ठेवला असता आणि आधी त्याच्याकडे जेवायला गेलो असतो. विक्रीवाल्या मित्रालाही न्या. एकट्या गेलात तर ते तुमचं आणि त्याचं भांडण ठरेल, तिघं बसलात तर धंद्याची बोलणी ठरतील. बोलणी एकाच गोष्टीची करायची: तिघांची एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था) काढायची आणि त्याने केलेला अर्ज त्या एलएलपीच्या नावावर हस्तांतरित करायचा. म्हणजे त्याचा खर्च आणि अर्जाची तारीख वाया जात नाही, त्यालाही माघार घेतल्यासारखं वाटत नाही. मग एलएलपी त्याच्या फर्मला नाव वापरायचा परवाना देईल. त्यात दर बोर्डामागे किती, तपासणी कोण करणार, आणि त्याने उत्पादन सोडलं तर नाव छापणं किती दिवसांत थांबवायचं, हे लिहिलेलं हवं. तिघांतला एखादा बाहेर पडला तर नाव एलएलपीतच राहील, हेही. ही शेवटची ओळ लिहायला सगळ्यांना अवघड जातं, 'आपल्यात कशाला' म्हणून. इव्रेआच्या पाच जणांनाही असंच वाटलं असणार.

त्याने ऐकलंच नाही तर? तर विरोध दाखल करा, आणि त्याच आठवड्यात नवं नाव शोधायला लागा. वाईट वाटेल, पण हिशेब करून बघा. तुमचे बोर्ड अजून हजारांत असतील. बान्झीच्या कंपनीचं नाव जगभर पसरलं होतं, तरी तिला दुसरं नाव घ्यावं लागलं. तुम्हाला नाशिक, निफाड, दिंडोरीच्या गिऱ्हाइकांना एक संदेश पाठवायचा आहे. नव्या नावाचा अर्ज मात्र पहिल्याच दिवशी करा, वर्ग ९ मध्ये (इलेक्ट्रॉनिक उपकरणं त्यात येतात). व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना ऑनलाइन शुल्क ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षं टिकते. नाव निवडताना शेवटी 'दुइनो' जोडायचा मोह आवरा. तो मोह सगळ्यांना होतो, आणि मग एक दिवस मूळवाल्यांचं पत्र येतं.

आता पुण्याचा विक्रेता. तुमचा बोर्ड बनवायचा आणि विकायचा त्याला पूर्ण हक्क आहे. तो तुम्हीच दिलाय. श्रेय दिलं नसेल किंवा बदललेलं डिझाइन वाटताना तोच परवाना ठेवला नसेल तर परवान्याचा भंग झाला, तेवढं विचारा. किमतीवरून रागावू नका. नावाचा मुद्दा वेगळा आहे. ते नाव वापरून आपला माल तुमचा म्हणून खपवणं थांबवता येतं, नोंदणी नसली तरी.

मात्र आधी तुमच्या फाइली उघडून बघा. मी उघडल्या. गर्बर फाइलींत (बोर्ड बनवायला कारखान्याला द्यायच्या आकृत्यांत) वरच्या सिल्कस्क्रीनच्या थरात, यूएसबी कनेक्टरच्या शेजारी, तुमचं नाव आणि पानाचं चिन्ह ठसठशीत बसलंय. कुणी भला माणूससुद्धा त्या फाइलींची झिप जशीच्या तशी पीसीबीवाल्याकडे (कोरा सर्किट बोर्ड छापून देणाऱ्याकडे) पाठवेल, तर तुमचं नाव छापूनच बोर्ड परत येतील. त्याने नाव चोरलं की तुम्ही हातात दिलं, यावर त्याचा वकील तासभर बोलू शकेल. तेव्हा सार्वजनिक फाइलींतून नाव आणि चिन्ह आजच काढा. त्या जागी आवृत्तीचा क्रमांक आणि परवान्याचं चिन्ह ठेवा. नावासकटची फाइल फक्त उत्पादनासाठी, खाजगी. रीडमीमध्ये (फाइलींसोबतच्या माहितीच्या पानावर) चार ओळी लिहा: डिझाइन घ्या, बदला, विका, आमचं नाव आणि चिन्ह बोर्डावर, खोक्यावर किंवा दुकानाच्या नावात वापरू नका, 'अमक्या बोर्डाशी सुसंगत' असं साध्या अक्षरांत लिहिलंत तर हरकत नाही. मग त्या विक्रेत्याला शांतपणे पत्र पाठवा, की शिल्लक माल विका, पुढच्या लॉटवर तुमचं नाव घाला. नोटीस हा शब्दही नको. माझा अंदाज आहे की तो ऐकेल, कारण त्याला तुमच्या बोर्डात रस आहे, खटल्यात नाही.

'आर्डुइनो कम्पॅटिबल' चालतं. तुमचा माल दुसऱ्या कशाबरोबर चालतो हे सांगण्यापुरतं त्याचं नाव घ्यायला कलम ३० मोकळीक देतं, फक्त त्यांचा तुमच्याशी काही संबंध आहे असा भास होता कामा नये. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मात्र खोक्यावर 'आर्डुइनो' तुमच्या नावापेक्षा मोठं आहे आणि खाली त्यांचं ते दोन जोडलेल्या वर्तुळांचं चिन्हही आहे. चिन्ह काढा, अक्षरं उलट करा: तुमचं नाव मोठं, ते बारीक.

दिवाळीनंतरच्या लॉटचं म्हणाल तर नावाचा कागद होईपर्यंत पीसीबीची ऑर्डर देऊ नका. सुटे भाग घेऊन ठेवायला हरकत नाही, ते कुठल्याही नावाखाली बसतात. आणि शेतकऱ्यांना माल अगदी वेळेवर द्यायचाच असेल, तर पाचशे बोर्ड कोऱ्या सिल्कस्क्रीनने काढा आणि नावाचं स्टिकर नंतर लावा. स्टिकरचा खर्च तिघांत वाटून घ्या.